लूमवरची गाठ

या मायबाप, जवळ बसा. सुरतेची एक गोष्ट सांगतो. लूमचा कारीगर लोटू याच्या बायकोच्या, सरलाच्या, पायात गंजका खिळा घुसला. इस्पितळात नेलं त्याच दिवशी पट्टी सुटली, तेव्हा लोटूनंच ती बांधली, लूमवर तुटलेला धागा जोडतात तशी गाठ मारून. मग रोज विचारायचा, तर चादरीखालच्या पायाकडे न बघताच सिस्टर म्हणायच्या, “सकाळीच बदलली, भाई!” सहाव्या दिवशी जखमेचं विष रक्तात भिनून सरला गेली.

“साहेब, पट्टी खरंच रोज बदलली?” लोटूनं विचारलं.

“कागदावर सह्या आहेत,” डॉक्टर खेकसले. “तू लूम चालव, दवाखाना आम्ही चालवतो.”

लोटूनं सरलाच्या पायावरची चादर बाजूला सारली.

“सह्या तुमच्या असतील, साहेब. ही गाठ माझी आहे.”

देवापुढे दिवा लावाल ना, तेव्हा आमच्या सरलाला आठवा.