मुलाखतीला उशीर

२००३ साली माझी भाची एका बँकेत संगणक सुरक्षेच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली, आणि तिला धीर द्यायला सोबत मी. आधी पाच ठिकाणांहून ती 'हे बायकांचं काम नव्हे' असं ऐकून परतली होती. या वेळी नाही जमलं तर हा नाद सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

परीक्षा साधी होती. तासभर इमारतीत हिंडायचं, सुरक्षेतली फट शोधायची आणि अकरा वाजता सुरक्षा विभागाच्या साहेबांना सांगायची. अकरा वाजले, मुलाखतीला आलेले बाकीचे चारही मुलगे हजर झाले, पण भाचीचा पत्ता नाही.

"काकू, पळाली वाटतं तुमची भाची," साहेब हसत म्हणाले. "अहो, इथे चोराच्या डोक्यानं विचार करावा लागतो. बायकांना कुठलं जमायला!"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"साहेब, मी सर्व्हर रूममधून बोलतेय. पहारेकऱ्यानं दोन्ही कुलपं स्वतः उघडून दिली, वर बसायला खुर्ची दिली. ओळखपत्र मागितलंच नाही. 'कुणाच्या मिसेस?' एवढंच विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं."

भाची आज त्या विभागाची प्रमुख आहे. तिच्या हाताखाली नऊ मुली आहेत, साहेबांची लेक त्यांतलीच एक. पहारेकऱ्यालाही पुढे बढती मिळाली.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचा विसरलेला चष्मा घेऊन आलेल्या त्यांच्या खऱ्या मिसेसना त्यानं दीड तास गेटवर उभं केलं होतं.