झडपेचा बाक

शालिग्रामरावांनी कपाटाची झडप बिजागऱ्यांमधून सोडवली आणि छातीशी धरून गच्चीवर नेली. मागोमाग दीड वर्षाच्या ईराला कडेवर घेऊन त्यांची सून निधी.

ईराच्या कपड्यांचं हे कपाट त्यांनी घरीच केलं होतं, खोक्याच्या फळ्या रंधून. पावसाळ्यात झडपेला बाक आला. कितीही दाबली तरी वरचा कोपरा दोन बोटं बाहेर राही, आणि ईराची बोटं नेमकी तिथंच जात.

गच्चीवर भादव्याचं ऊन रणरणत होतं. त्यांनी ओलं पोतं अंथरलं, झडपेची खोलगट बाजू पोत्यावर ठेवली, फुगीर बाजू वर.

"पोटाले ओल, पाठीले ऊन. आपोआप सरळ होते. पण नजर पायजे तिच्यावर. ऊन जास्त झालं की उलटी वाकते. लय नखऱ्याची जात."

"माझ्यासारखी?"

"तू त साग आहे बापा. ही खोक्याची फळी."

निधी हसली. पण हसतानाही ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. सोमवारपासून तिचं ऑफिस पुन्हा सुरू व्हायचं होतं आणि दिवसभर ईरा आजोबांजवळ राहायची होती. गेल्या आठवड्यात त्यांनी निधीला दोनदा कुसुम म्हणून हाक मारली होती. कुसुम म्हणजे तिची सासू, ती कधीच गेली. "नाव चुकते माणसाचं," तिचा नवरा पराग म्हणाला होता. "तू काहून टेन्शन घेऊन राहिली? मले नाही वाढवलं का बाबांनी?"

म्हणून आज ती मुद्दाम थोड्या वेळासाठी बाहेर निघाली होती. ही परीक्षा आहे, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजीवर बसून ईरा वाटी-चमचा बडवू लागली. जिन्याच्या दारातून निधी मागे वळली.

"बाबा, पंडरीला जाऊन येते. तिले जास्त वेळ उन्हात ठेवू नका हं."

"हव. जाय तू बिनधास्त."

पंडरीच्या कापडबाजारात तिनं ऑफिससाठी दोन कुर्ते घेतले, रंगही धड न बघता, आणि स्कूटर घराकडे वळवली.

शालिग्रामराव बैठकीत खाली बसले होते. पंख्याखाली चादर, चादरीवर झडप. ते तिच्यावरून तळहात फिरवत होते.

"पाय निधी!" त्यांचा चेहरा खुलला. "बाक गेला पूरा."

"ईरा कुठंय?"

"अं?"

"ईरा, बाबा."

त्यांचा हात फळीवरच थांबला. "तूच त म्हटलं... तिले उन्हात ठेवू नका. आणली ना मी आत."

निधी जिना चढली. गच्चीच्या दाराला आतून कडी होती. माकडं शिरतात म्हणून ती कडी लावायला ते कधी विसरत नसत.

टाकीची सावली सतरंजीवरून केव्हाच सरकली होती. झडप होती त्या पोत्यावर ईरा पालथी पडली होती, गाल पोत्याला लावून. ओल आता तिथंही उरली नव्हती. आईला बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. रडून रडून घसा बसला होता.

निधीनं तिला खाली आणलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. पोरीनं चमचा हिसकून स्वतःच्या हातात घेतला, तेव्हा कुठं निधीला रडू आलं.

शालिग्रामराव दारातच उभे होते. आत येत नव्हते.

"परागले सांगशील?"

निधी ईराचे केस मागे सारत राहिली.

"माझंच चुकलं, बाबा. नाव घ्यायला पाहिजे होतं मी. नुसतं 'तिले, तिले' म्हटलं. तुम्हाला झडप वाटली."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बघतच राहिले.

"हव," ते म्हणाले. या वेळी अगदी हळू.

संध्याकाळी त्यांनी झडप पुन्हा बसवली. जो स्क्रू जिथला होता तिथंच गेला, एकही चुकला नाही. मग ते बाजूला सरकले. "लावून पाय."

ईरा निधीच्या खांद्यावर झोपली होती. निधीनं पिशवीतून दोन्ही कुर्ते काढले आणि घडी न मोडता ईराच्या झबल्यांखाली सारले. सोमवारी आता ते लागणार नव्हते. शालिग्रामरावांनी ते पाहिलं.

तिनं झडप लोटली. ती कुठं अडली नाही, कुरकुरलीही नाही. वरचा कोपरा अलगद चौकटीला टेकला.