नुसतं वर्ष
संगणकातली माहिती तपासून हव्या त्या रूपात बदलून देणारं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं इंजिन तासादित ही प्रोग्रामर बेजाया शहरातल्या आपल्या खोलीत तीन वर्षं एकटीच लिहीत होती. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच कुणीतरी मदतीला आलं, ओरान शहरातला हुआरी. आज त्याचा फोन आला. "ताई, तारखेत दिवस-महिना हवाच असा नियम घातला तर तुझाच नमुना नापास! जन्मतारीख म्हणून नुसतं वर्ष? एक जानेवारी टाक नि मोकळी हो, सगळे तेच करतात." चाचणीसाठीच्या त्या नमुन्यात तिने वडिलांची माहिती घातली होती. डोंगरातल्या गावात त्यांचा जन्मदिवस कुणी टिपलाच नव्हता. दाखल्यावरही नुसतं १९४१. "खोटा दिवस नको. नियम बदलू," ती म्हणाली. "एका नमुन्यासाठी? मग बस एकटीच इंजिन कवटाळून!" फोन बंद झाला. तिने नियम बदलला. इंजिनाने वडिलांना पास केलं. मग तिने त्यांच्या मृत्यूच्या तारखेचा रिकामा रकाना भरला: दिवस, महिना, वर्ष.