एकाच फेरीत

काका दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. सोमवारी पायाची पट्टी बदलायला सिस्टर यायची, बुधवारी व्यायाम घेणारा, शुक्रवारी गोळ्यांचा डबा भरून देणारी बाई आणि शनिवारी विचारपूस करायला समाजसेविका. दर एक-दोन दिवसांनी दार वाजायचं आणि काका भिंतीला धरून धरून उघडायला यायचे.

मग समन्वय नावाचं शास्त्र शिकलेल्या एक मॅडम नेमणुकीवर आल्या. पहिल्याच भेटीला त्यांनी चौघांनाही काकांकडे बोलावून घेतलं. सगळं ऐकून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काय पोरखेळ लावलाय हा? चार माणसं, चार वार! दार उघडायला पेशंटनं सारखं उठायचं का? यापुढे सगळ्यांनी मंगळवारी दहा वाजता यायचं, एकाच फेरीत."

चौघांनी माना डोलावल्या. पेशंटला विचारायचं त्या शास्त्रात नसावं.

शेवटी काकाच म्हणाले, "म्हणजे पडायचं झालं तर मीही मंगळवारीच पडायचं ना?"

"काका भारीच विनोदी आहेत हं!" मॅडम हसल्या, म्हणून चौघंही हसले.

पुढच्या मंगळवारी दहाच्या ठोक्याला चौघंही दारात हजर. मॅडम हे बघायला मुद्दाम आल्या होत्या. बेल वाजवून त्यांनी सगळ्यांना स्वतःचं घड्याळ दाखवलं. "बघा, मनावर घेतलं की कसं जुळून येतं!"



आत काका बुधवारपासून पडलेले होते.