कोरडा साचा

"मागं सरा, ताई. साच्यात पाण्याचा थेंब पडला तर चांदी अंगावर उडते." दागिने वितळवायला आणून रडू लागलेल्या बायकांना केरबा पोतदार तीस वर्षं हेच सांगत आले होते.

आज मुशीत त्यांच्या बायकोची पैंजणं होती. शेवटच्या दुखण्यात तीच म्हणाली होती, "एकेक पैंजण घेऊन पोरी काय करतील? दोघींना सारख्या लगडी ओतून द्या."

चांदी पातळ झाली. साचे तापवून कोरडे केलेले होते. केरबांनी चिमट्यानं मूस उचलली, साच्यावर आणली आणि पुन्हा भट्टीत ठेवली.

"काय झालं, आबा?" त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या थोरल्या लेकीनं विचारलं.

केरबांनी चिमटा तिच्या हातात दिला.

"मी मागं सरतो. तू ओत."