वेलीवरचं बाळंतपण

आमच्या घरमालकीण काकूंनी जिन्याच्या कठड्यावरची परदेशी शोभेची वेल उपटून इथल्याच रानातली फुलवेल लावली. पाखरांना आणि मधमाश्यांना परकं वाटू नये, म्हणून. भाडेकरूंचं काय, त्यांना सवय असते.

फुलं आली, मधमाश्या आल्या, आणि एका एवढ्याशा पाखरानं तिथे घरटंही बांधलं. झालं! आमच्या चपला जिन्याखाली गेल्या, मिक्सर बंद झाला, शिंक आली तरी आम्ही आत पळायचो. "अंड्यांवर बसलीय रे ती, तिला जपायला नको?" काकू दटावायच्या. मग दिवस भरत आलेली माझी बायकोही अनवाणीच जिना चढायची.

पिल्लं बाहेर आली. त्यांची चिवचिव ऐकून काकूंचे डोळे भरून यायचे. "लेकराबाळांचा आवाज असला की कसं घरपण येतं!"

तान्ह्या मुलीला घेऊन आम्ही दवाखान्यातून परतलो, तेव्हा काकू जिन्यातच उभ्या होत्या. मुलगी रडायला लागली. काकूंनी चटकन ओठांवर बोट ठेवलं.



"हे असं रोज चालणार असेल, तर दुसरी जागा बघा बाई. इथे लहान पिल्लं आहेत."