स्वच्छ गटार

आज हॉस्पिटलमागच्या गटाराला वास येत नव्हता. हात घालून बाटली भरली, तर आतलं पाणी ब्लीचिंग पावडरने पांढरं झालेलं. माझं डोकंच फिरलं.

"कोणाला विचारून टाकली ही पावडर?" मी सफाईच्या मुकादमावर ओरडले.

"वॉर्डातून तक्रार आली, मॅडम. वास येतो म्हणून."

येणारच. भाजलेल्यांच्या वॉर्डाची सगळी घाण इथे उतरते, आणि त्या घाणीतच जंतूंना मारणारे विषाणू सापडतात. त्याच वॉर्डातल्या गोकुळच्या पाठीवरच्या जखमेत एकही औषध चालेना, तेव्हा इथलाच विषाणू कामी आला होता. मग जंतू बदलला आणि माझा विषाणू हरला. पण गटारातले विषाणू गप्प बसत नाहीत, जंतू बदलला की तेही बदलतात. बदललेल्या जंतूला मारणारा नवा विषाणू याच पाण्यात असणार होता. तो आता मेला. पुन्हा तयार होईलही, पण तोवर ते पोर टिकणार नाही.

"कोणी केली तक्रार? नाव सांगा मला."

त्याने वॉर्डाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. गजांमागे गोकुळची आई उभी होती. मला बघून तिने हात जोडले.

"मॅडम, माझ्या लेकरासाठी तुम्ही रोज गटारात हात घालता. मला बघवत नव्हतं. हॉस्पिटलच्या साहेबांच्या पाया पडून साफ करून घेतलं. आता नाही ना हात घालावा लागणार?"

शिवी अगदी ओठांवर आली होती. ती गिळली.

"नाही," मी म्हणाले, "आता नाही लागणार."